वसंतातलं घडीकाम: द्राक्षाच्या घडापासून पाडव्याच्या तोरणापर्यंत

लहान मुलांसाठी ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या वस्तू, शोधायला बसलं की वसंत ऋतूच्या नावाखाली ट्यूलिप, चेरीचा बहर आणि ईस्टरचा ससा हेच पुन्हा पुन्हा पुढे येतं. नाशिकच्या पोरांना वसंत दिसतो तो वेगळाच. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्याला पळस, एकही पान नसलेली आणि लाल फुलांनी भरलेली काटेसावर, आंब्याची तांबूस पालवी, हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग आणि भर दुपारी टुक-टुक-टुक करत बसलेला तांबट पक्षी. म्हणून इथल्या वस्तू या यादीतूनच घेतल्या आहेत. घड्या मात्र जगभर लहान मुलांना शिकवतात त्याच आहेत.

हे सगळं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना जमेल असं आहे, आणि शिकवणाऱ्याला आधी काही येत असण्याची गरज नाही. फक्त शिकवण्याआधी आदल्या रात्री प्रत्येक वस्तू स्वतः एकदा करून पाहा. समोर चार मुलं बसलेली असताना ‘थांब हं, मी बघते’ म्हणून मोबाइल उघडला की पुढच्या मिनिटात कागदांची विमानं उडायला लागतात.

कागद कोणता घ्यायचा

शाळेच्या कार्यानुभवात वापरतात तो घोटीव कागद चालतो. एक बाजू रंगीत, चकचकीत आणि दुसरी पांढरी असल्यामुळे ‘रंगीत बाजू खाली’ असं मुलांना सांगता येतं. त्याची एकच अडचण म्हणजे मार्चच्या उकाड्यात हाताला घाम आला की स्वस्तातल्या घोटीव कागदाचा रंग बोटांना लागतो आणि तिथून फ्रॉकला. शेजारी एक कोरडं फडकं ठेवा.

माझी पसंती मात्र रंगीत झेरॉक्स पेपरला, म्हणजे साध्या ए-फोर आकाराच्या रंगीत कागदाला. दोन्ही बाजूंनी रंग, घडी नीट बसते, चुरगळला तरी हळहळ वाटत नाही. मेन रोड, रविवार कारंजा भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत दोन्ही प्रकार मिळतात. कार्डशीट घेऊ नका, चिमुकल्या बोटांनी ती दुमडत नाही. संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागदही नको, तो दुसऱ्या घडीलाच फाटतो.

ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा असतो आणि आपल्याला हवा चौरस. कागद उभा धरा. वरची आखूड कड शेजारच्या लांब कडेवर बरोबर बसेल अशी तिरकी दुमडा. त्रिकोण तयार होतो आणि खाली एक आडवी पट्टी उरते. त्रिकोणाच्या कडेला धरून पट्टी मागे दुमडा, घडी पक्की करा आणि कापा. त्रिकोण उघडला की २१ सेंटीमीटरचा चौरस मिळतो. उरलेली साधारण पावणेनऊ सेंटीमीटर रुंदीची पट्टी फेकू नका, तिचा पुढे झेंडू होणार आहे.

चिकटवायला फेव्हिकॉल आहेच. घरी खळ करायची असेल तर एक चमचा मैदा अर्ध्या कप पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. जुनी मंडळी खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतो आणि मुलांची बोटं तोंडात जातात, तेव्हा तो अजिबात नको. खळ ताजी करावी आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी.

जाता जाता एक. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे ‘माझे आजोबा प्रेसमध्ये होते’ असं सांगणारं एखादं पोर इथे प्रत्येक गटात निघतं. नोटेचं ओरिगामीही असतं, पण ते या वयाला दाखवू नका. घरातल्या नोटा कोण वाचवणार?

बसायचं कसं

जमिनीवर, पुढ्यात पाट किंवा चौरंग घेऊन. गादीवर किंवा सोफ्यावर घडी पक्की होत नाही. पंखा बंद करा किंवा कागदांवर वाटी ठेवा. मुलाच्या समोर न बसता शेजारी बसा. समोर बसलं की तुमचा डावा हात त्याला उजवीकडे दिसतो आणि त्याचा गोंधळ उडतो. मुलं जास्त असतील तर वर्तमानपत्राच्या मोठ्या पानाचा चौरस करून तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरून घडी दाखवा.

आणि एक नियम, याच्यावर मी अडून बसते. मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. तुमचा कागद वेगळा, त्याचा वेगळा. कड अर्धा सेंटीमीटर चुकली तर चुकू द्या. आपण ‘दे इकडे, नीट करून देते’ म्हटलं की वस्तू सुबक होते, पण पुढच्या वेळी पोर कागद सरळ आपल्याच हातात देतं.

बालवाडीत कागदाच्या घड्या शिकवण्याची पद्धत जर्मनीच्या फ्रिडरिक फ्रोबेलपासूनची. त्यानं १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली आणि ठोकळे, विणकाम, कागदाच्या घड्या हाच तिथला अभ्यास ठेवला. ही पद्धत पुढे जपानच्या बालवाड्यांतही पोचली आणि तिथल्या जुन्या घडीकामात मिसळली.

आधी नुसता त्रिकोण

पहिल्या दिवशी वस्तू करायची घाई नको. चौरस घ्या, एक कोपरा पोटाकडे येईल असा ठेवा. पोटाकडचा कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्यावर न्या.

इथेच मुलं अडतात, म्हणून जरा जवळून पाहू. मूल कोपरा वर नेतं आणि दोन्ही कोपरे जुळण्याआधीच तळहातानं खालची घडी दाबतं. मग टोक भलतीकडेच जातं. त्याला तीन गोष्टी वेगवेगळ्या करायला सांगा. आधी कोपऱ्यावर कोपरा ठेवून डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो घट्ट धरायचा. मग उजव्या हाताचं बोट त्या टोकापासून सरळ खाली घडीपर्यंत सरकवायचं. शेवटी तिथून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. मूल डावखुरं असेल तर हात उलटे. घडी पक्की करायला नख वापरायचं. ‘आता इस्त्री कर’ म्हटलं की चार वर्षांचंही मूल मन लावून नख फिरवतं.

रद्दी कागदावर असे पाच-सहा त्रिकोण झाले की बाकीचं सोपं जातं. तीन वर्षांच्या मुलाला त्रिकोण जमत नसेल तर त्याला सरळ पुढच्या द्राक्षांवर बसवा.

द्राक्षाचा घड (तीन वर्षांपासून)

नाशिकमध्ये याच्यापासून सुरुवात करायला हवीच. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निफाड, दिंडोरी, पिंपळगावची द्राक्षं घरात असतात, त्यामुळे घड कसा दिसतो हे मुलाला सांगावं लागत नाही.

पोपटी कागदाचा २१ सेंटीमीटरचा चौरस मोठ्या माणसानं दोनदा आडवा आणि दोनदा उभा दुमडायचा आणि घड्यांवर कापायचा. सव्वापाच सेंटीमीटरचे १६ छोटे चौरस मिळतात. लागतात दहाच. मुलाचं काम एवढंच की प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे थोडे थोडे, बोटाच्या पेराएवढे, आत दुमडायचे आणि कागद उलटा करायचा. समोरून गोलसर मणी दिसतो.

पांढऱ्या ए-फोर कागदावर वर चार, त्याखाली तीन, मग दोन आणि एक असे मणी चिकटवा. पहिली ओळ कागदाच्या रुंदीत बरोबर मावते. मणी एकमेकांवर किंचित चढवले तर घड भरलेला दिसतो. वर तपकिरी कागदाचा छोटा देठ. एखाद्याला काळी द्राक्षं आवडत असतील तर जांभळा कागद द्या. उरलेले सहा चौरस धाकट्या भावंडाला, ते मध्ये मध्ये करणार असतंच.

मोजणीही आपोआप होते. ‘वरच्या ओळीत किती? खालच्या ओळीत एक कमी म्हणजे किती?’ एवढं विचारलं तरी पुरे. घडीकामाचा गणिताचा तास करू नका.

आंब्याचं पान आणि पाडव्याचं तोरण (पाच वर्षांपासून)

या लेखातली माझी सगळ्यात आवडती वस्तू हीच, कारण ती दारावर लागते. गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी करायला घ्या.

एका मोठ्या चौरसाचे चार केले की प्रत्येकी साडेदहा सेंटीमीटरचे होतात. त्यातला एक म्हणजे एक पान.

१. कोपरा पोटाकडे ठेवा. डावा कोपरा उजव्यावर नेऊन घडी घाला आणि उघडा. मधोमध उभी रेघ दिसते.

२. पोटाकडच्या कोपऱ्याला भिडणाऱ्या दोन कडा आहेत. दोन्ही त्या मधल्या रेघेपर्यंत आणून दुमडा. आता आकार पतंगासारखा होतो, खाली निमुळता आणि वर पसरट.

३. वरच्या टोकाच्या दोन्ही कडाही तशाच रेघेवर आणा. दोन्हीकडे निमुळतं लांबट पान तयार होतं.

४. कागद उलटा करा. मधल्या रेघेवर एकदा दुमडून उघडा, ही पानाची मधली शीर. पेन्सिलीनं तिरक्या उपशिरा काढायच्या तर काढा.

पान साधारण पंधरा सेंटीमीटर लांब आणि सहा सेंटीमीटर रुंद होतं, म्हणजे खऱ्या पानाच्या जवळपास. तिसऱ्या पायरीवर मुलं हमखास विचारतात की वरच्या कडा कुठल्या, कारण खालच्या घड्या मध्ये आलेल्या असतात. त्या वेळी कागद फिरवून पसरट टोक पोटाकडे घ्यायला सांगा. मग तिसरी पायरी म्हणजे दुसरीच पायरी होते आणि नवीन काही शिकावं लागत नाही.

रंगाची गंमत इथे आहे. मुलं हिरवाच कागद उचलतात. त्यांना एकदा खाली नेऊन आंब्याचं झाड दाखवा. या दिवसांत फांद्यांच्या टोकांना आलेली कोवळी पालवी तांबूस, तपकिरी, लोंबती असते आणि आतली जुनी पानं गर्द हिरवी. घरी येऊन दोन-तीन पानं तांबूस कागदाची करायला सांगितली की आजी नक्की म्हणते, ‘अगं, आंब्याचं पान असलं कुठे असतं?’ मग पोरगी आजीला खिडकीशी ओढत नेते. तांबूस रंगाचा कागद मिळाला नाही तर नारिंगी चालेल.

तीन फुटांच्या दाराला अकरा पानं पुरतात. जाड दोरा दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त घ्या आणि दोन खुर्च्यांना ताणून बांधा. प्रत्येक पानाचं टोक दोन सेंटीमीटर मागे दुमडून दोऱ्यावर टांगायचं आणि आतून गोंद लावून दाबायचं. खुर्चीला बांधलेल्या दोऱ्यावर पानं लावणं मुलांना फार आवडतं. मात्र प्रत्येक पान दहा मिनिटं वाळू द्या, नाहीतर सगळी मध्यभागी घसरून गोळा होतात.

पानांच्या मध्ये झेंडू हवेत. आता त्या जपून ठेवलेल्या पट्ट्या काढा, पिवळ्या आणि केशरी कागदाच्या. पट्टी आडवी ठेवा. आखूड कडेपासून बोटभर रुंदीची घडी घाला, कागद उलटा करा, पुन्हा बोटभर घडी, पुन्हा उलटा. साडीच्या निऱ्या घालतात तसं. लहान मुलाबरोबर मोठ्यानं म्हणायचं, ‘दुमड, उलट, दुमड, उलट’. उलटायचं विसरलं की निऱ्यांऐवजी गुंडाळी होते, आणि ते पहिल्यांदा प्रत्येकाचंच होतं. पूर्ण निऱ्या झाल्या की गठ्ठा मधोमध दोऱ्यानं घट्ट बांधा, दोन्हीकडचे पंखे उघडा आणि समोरासमोरच्या कडा एकमेकींना चिकटवा. गोल फूल तयार. अकरा पानांत पाच झेंडू छान दिसतात. याहून जास्त केले तर पानं झाकली जातात.

हे तोरण दाराच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर खऱ्या पानांचं असतंच, आणि घरातली मोठी माणसं त्याबाबतीत तडजोड करत नाहीत.

काटेसावरीचं फूल

परदेशी ट्यूलिपची जी सगळ्यात सोपी घडी आहे तिचीच ही काटेसावर, लाल कागदाची. चौरसाचा त्रिकोण करा, लांब कड पोटाकडे आणि टोक वर. डावा कोपरा उचलून वर न्या, पण मधल्या टोकावर न नेता त्याच्या थोडा डावीकडे. उजवा तसाच, थोडा उजवीकडे. वर तीन टोकं दिसली पाहिजेत. खालचं टोक मागे दुमडलं की बुंधा सपाट होतो. झालं.

खऱ्या काटेसावरीला पाच पाकळ्या असतात, इथे तीनवर भागवायचं. फुलं वाळक्या काटकीवर चिकटवा आणि हिरवी पानं लावू नका. हे झाड फुलतं तेव्हा निष्पर्ण असतं. मूल ‘पानं कुठे?’ विचारेल, तेव्हा त्याला झाड दाखवता आलं तर उत्तम. हीच घडी केशरी कागदाची करून तिला पळस म्हणायचा मोह होतो. पण पळसाची फुलं पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असतात, त्यामुळे मला ते पटत नाही.

ढालकिडा (सहा वर्षांपासून)

लाल पंखांवर काळे ठिपके असलेला हा छोटा किडा मुलांच्या ओळखीचा असतो, इंग्रजी पुस्तकांमुळे ‘लेडीबर्ड’ या नावानं. द्राक्षबागायतदारांना तो मित्र म्हणून माहीत असतो, कारण मावा आणि पिठ्या ढेकणासारख्या किडी ढालकिड्यांच्या जाती खातात. ज्यांचे मामा-काका बागाईतदार आहेत ती मुलं याबाबत तुम्हालाच चार गोष्टी सांगतील.

साडेदहा सेंटीमीटरचा लाल चौरस घ्या. त्रिकोण करा, पण या वेळी लांब कड वर आणि टोक पोटाकडे. लांब कडेचा मध्य बोटानं धरा. डावा कोपरा त्या मध्यापासून खाली वळवा, पोटाकडच्या टोकाशी नेऊ नका, त्याच्या बोटभर डावीकडेच थांबवा. उजवाही तसाच. दोन पंख किंचित उघडल्यासारखे दिसतात. वरचं टोक पाऊण सेंटीमीटर मागे दुमडलं की डोकं होतं. दोन्ही बाजूंचे कोपरे आणि खालचं टोक थोडं थोडं मागे दुमडून गोलाई आणा. डोकं आणि पंखांमधली फट काळ्या स्केचपेननं भरा. ठिपके मुलाला हवे तितके.

फुलपाखरू

झेंडूच्या निऱ्या जमलेल्या मुलाला हे लगेच येतं, म्हणून ते नेहमी झेंडूनंतरच घ्या. दोन चौरस लागतात, साधारण १५ सेंटीमीटरचे, वेगवेगळ्या रंगांचे असतील तर बरं. पहिला चौरस कोपरा पोटाकडे ठेवून त्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत निऱ्या घालत न्यायचा, दुसरा सरळ कडेपासून. दोन्ही गठ्ठे मध्यावर चिमटीत धरून एकमेकांशेजारी ठेवा आणि एकत्र बांधा. कोपऱ्यापासून घातलेल्याचे वरचे पंख होतात, सरळवाल्याचे खालचे. दोऱ्याची दोन टोकं लांब सोडली तर त्याच मिशा.

बांधायचं काम मोठ्यांनी करायचं, कारण सहा वर्षांच्या मुलाला एका हातानं गठ्ठा दाबून दुसऱ्यानं गाठ मारता येत नाही. दोन मुलांची जोडी लावली तर एक धरतो आणि दुसरा दोरा गुंडाळतो. मग गाठ तेवढी तुमची.

तांबटाचं भुकेलं पिल्लू (सात वर्षांपासून)

शहरात एप्रिलच्या दुपारी तांब्याच्या भांड्यावर ठोके पडल्यासारखा आवाज येतो तो या पक्ष्याचा. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळावर लाल ठिपका. दिसत लवकर नाही, ऐकू मात्र दिवसभर येतो. इथे आपण त्याचं आ वासून बसलेलं पिल्लू करतो. घडी तीच, चार बोटं घालून उघडझाप करायच्या खेळाची, जी आपण सगळ्यांनी शाळेत मागच्या बाकावर केलेली आहे.

हिरवा घोटीव कागद असेल तर रंगीत बाजू खाली. दोन्ही तिरक्या घड्या घालून उघडा, म्हणजे मध्यबिंदू मिळतो. चारही कोपरे त्या बिंदूवर आणा. कागद उलटा करा आणि नवे चार कोपरे पुन्हा मध्यावर. आता एकदा आडवा, एकदा उभा दुमडून उघडा, ही ‘इस्त्री’ नीट झाली नाही तर पुढे तोंड उघडत नाही. मागच्या बाजूला चार चौकोनी खिसे दिसतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं त्यात घालून मध्याकडे ढकला.

चोचीच्या आतली बाजू लाल किंवा गुलाबी रंगवा आणि वरच्या दोन खिशांवर कागदाचे गोल डोळे चिकटवा. लहान हातांसाठी १५ सेंटीमीटरचा कागद बरा, मोठ्या माणसांसाठी २१ चा. कोपरे मध्यबिंदूच्या पुढे गेले तर दुसऱ्या फेरीत कागद फुगतो, म्हणून मुलाला सांगा की केसभर अलीकडे थांबायचं. यानंतर अर्धा तास कुणी काही करत नाही, सगळी पिल्लं एकमेकांना चावत फिरतात. म्हणून ही वस्तू शेवटी ठेवायची.

व्हिडिओ किंवा आकृत्या पाहून पुढे जायचं असेल तर

ओरिगामीच्या आकृत्यांची खूण जवळजवळ सगळीकडे सारखीच असते. तुटक रेघ असेल तर आपल्याकडे दुमडायचं, रेघ-ठिपका-रेघ असेल तर मागे. बाणांची आणि रेघांची ही पद्धत जपानच्या अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रूढ केली. एवढं कळलं की जपानी वाचता न येताही जपानी आकृतीवरून वस्तू करता येते. मुलांसाठी व्हिडिओ लावताना आवाज बंद करा आणि प्रत्येक घडीला थांबवा. व्हिडिओतला माणूस नेहमीच तुमच्या पोरापेक्षा चौपट वेगानं दुमडतो. क्रौंच पक्षी, पाण्यात फुलणारं कमळ वगैरे आठ वर्षांच्या आत टाळाच.

दहा मुलांसाठी किती कागद

सोसायटीत किंवा बालवाडीत करणार असाल तर हिशेब असा. द्राक्षांसाठी प्रत्येकाला दहा मणी म्हणजे शंभर, एका ए-फोरमधून १६ निघतात, म्हणून पोपटी सात कागद. एका दाराच्या तोरणाला हिरवे आणि तांबूस मिळून तीन कागद, त्यातून बारा पानं निघतात. पाच झेंडूंना पिवळे-केशरी पाच कागद, आणि त्यांचे उरलेले चौरस फुलपाखरांना वापरा, ते फुलपाखरू थोडं मोठं होतं इतकंच. फुलपाखराला एकूण वीस चौरस लागतात, म्हणजे आणखी पंधरा कागद कोणत्याही रंगाचे. काटेसावर आणि ढालकिड्याला मिळून लाल पाच कागद, दोन्ही साडेदहाच्या चौरसातून. तांबटाला हिरवे दहा. यावर प्रत्येक रंगाचे दोन-दोन जास्त ठेवा, कारण फाटतात आणि कुणाला तरी ‘घरी ताईला दाखवायला अजून एक’ हवा असतो.

चौरस आदल्या दिवशी कापून, रंगवार रबर लावून ठेवा. बोथट टोकाच्या कात्र्या दोनच आणा आणि त्या तुमच्याजवळ ठेवा. सगळं एका बैठकीत उरकायला जाऊ नका. पहिल्या दिवशी त्रिकोण आणि द्राक्षं, दुसऱ्या दिवशी पान आणि झेंडू, बाकीच्या वस्तू त्यापुढे. एका वेळी पाऊण तास फार झाला. आणि रंगपंचमीच्या दिवशी तर बेत ठेवूच नका. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उड्या मारून आलेली मुलं दोन दिवस ज्याला हात लावतील ते रंगवतात.